गाड्यांच्या देशात बुलेट ट्रेन कशाला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही एक छोटी चौकट छापली होती. कॅलिफोर्नियात २००८ साली लोकांनी मतदान करून मंजूर केलेली हायस्पीड रेल्वे अजून सुरू झालेली नाही आणि खर्च मात्र तिपटीवर गेलाय, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली, इथून आणि तिकडून दोन्हीकडून, की या वेळचा अख्खा स्तंभ त्यालाच देतोय.

प्रश्न (सांगली, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): अमेरिका भारताच्या तिप्पट मोठी आणि लोकसंख्या आपल्या पाव. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ट्रेनने कोण जाणार? मग हा हट्ट कशाला?

उत्तर: न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस कोणीच जाणार नाही, आणि जावं असं कोणी म्हणतही नाहीये. सलग ताशी ३०० च्या वेगाने ट्रेन पळवली तरी पंधराएक तास लागतील, विमान सहा तासात पोचतं, विषय संपला. पण मला सांगा, मुंबईत लोकल हवी की नको हे ठरवताना आपण मुंबई ते गुवाहाटी अंतर बघतो का? नाही ना. मग अमेरिकेच्या बाबतीतच अख्ख्या देशाचा नकाशा समोर का धरायचा? बघायचं ते दोन शहरांमधलं अंतर. डॅलस-ह्यूस्टन ३८५ किलोमीटर, न्यूयॉर्क-वॉशिंग्टन ३६० च्या आसपास, सॅन फ्रान्सिस्को-लॉस एंजेलिस रस्त्याने सहाशेच्या थोडं वर, सिएटल-पोर्टलंड तीनशेच्या आत-बाहेर. दोनशेच्या आत असेल तर गाडी काढून निघालेलं बरं, आठशे-नऊशेच्या पुढे विमान, आणि मधला जो पट्टा आहे तिथे ट्रेन दोघांनाही मागे टाकते, हे जपानने १९६४ पासून, फ्रान्सने १९८१ पासून आणि स्पेनने १९९२ पासून दाखवून दिलंय.

स्पेनचं मुद्दाम सांगतो कारण "वस्ती विरळ आहे" हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा येतो. स्पेनमध्ये एका चौरस किलोमीटरला साधारण ९५ माणसं राहतात. कॅलिफोर्नियात? जवळपास तेवढीच! आणि माद्रिद-बार्सिलोना हे ६२१ किलोमीटर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या त्या दोन शहरांएवढंच अंतर, तिथे २००८ मध्ये ट्रेन सुरू झाली, अडीच तासात पोचवते, आणि त्याआधी जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानमार्गांमध्ये ज्याची गणना व्हायची त्या मार्गावर आता बहुतेक लोक ट्रेनने जातात. पुढे २०२१ पासून दोन नवीन कंपन्या त्याच रुळांवर आल्या आणि तिकिटंही उतरली. म्हणजे लोकसंख्येचं गणित कॅलिफोर्नियात जुळतं. वायोमिंगमध्ये नाही जुळत, तर तिथे बांधू नका.

प्रश्न (सनीव्हेल, कॅलिफोर्निया): २००८ च्या मतदानात मी हौसेने "हो" म्हटलं होतं. तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती लॉस एंजेलिसला शिकून नोकरीला लागली आणि तिला भेटायला आम्ही अजून आय-५ ने सहा-सात तास गाडी हाणतो. आमचं मत फुकट गेलं का? खरं खरं सांगा.

उत्तर: फुकट गेलं असं मला वाटत नाही, पण तुम्हाला राग येतोय तो शंभर टक्के रास्त आहे. तुम्ही ज्याला मत दिलंत त्यात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस २ तास ४० मिनिटांत, असं कायद्यातच लिहिलं होतं. खर्चाचा अंदाज ३३ अब्ज डॉलर आणि २०२० पर्यंत गाडी धावणार असं सांगितलेलं. आज तोच अंदाज १०० अब्जांच्या वर गेलाय आणि काम चालू आहे ते मधल्या सेंट्रल व्हॅलीतल्या १९० किलोमीटरवर, ते वाढवून मर्सेड ते बेकर्सफिल्ड २७५ किलोमीटरचा टप्पा २०३० ते २०३३ च्या दरम्यान सुरू करायचा असं ठरलंय.

आता हे असं का झालं, तर याचं उत्तर "सरकारी काम" एवढ्यावर सोडून द्यायला मी तयार नाही, कारण त्याच देशाने याच्यापेक्षा कितीतरी मोठं काम करून दाखवलंय. १९५६ चा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा हायवेचा कायदा घ्या. ४१ हजार मैल रस्ते, २५ अब्ज डॉलर, तेरा वर्षांत पूर्ण, असा बेत होता. प्रत्यक्षात १९९२ साल उजाडलं आणि खर्च ११४ अब्जांवर गेला, त्यात महागाईचा वाटा आहेच, पण वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर गेले हे नक्की. तरी आज कोणी इंटरस्टेट, म्हणजे हे हायवे, फसले असं म्हणतं का? नाही म्हणत, कारण ते पूर्ण झाले, आणि पूर्ण झाले कारण पैशाचा नळ कधी बंद झाला नाही. पेट्रोलवरचा कर वाढवून एक वेगळा निधीच काढला, त्यातून केंद्र सरकार १०० पैकी ९० डॉलर देणार आणि राज्याने फक्त १० घालायचे, आणि हे वर्षानुवर्षं, सरकार कोणाचंही असो.

रेल्वेला हे कधी मिळालंच नाही. तुमच्या मतदानातून आले ९.९५ अब्जांचे रोखे, म्हणजे तेव्हाच्या अंदाजाच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढे. मग २००९ मध्ये ओबामांच्या काळात केंद्राने देशभरातल्या रेल्वेसाठी ८ अब्ज काढले, त्यातले काही कॅलिफोर्नियाला आले, पण अट अशी की ठरलेल्या मुदतीत खर्च करा, म्हणून जमीन पूर्ण ताब्यात यायच्या आधीच कंत्राटं देऊन टाकली, मग ठेकेदार उभा आणि शेत अजून शेतकऱ्याकडेच, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा, कालवे सगळं हलवायचं बाकी, त्या उशिराचे पैसे ठेकेदाराने लावले, हे राज्याच्याच लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये लिहून ठेवलंय. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या सरकारने ९२ कोटी ९० लाख डॉलर काढून घेतले, २०२१ मध्ये बायडन यांच्या सरकारने परत दिले, २०२३ च्या शेवटी आणखी ३ अब्ज मंजूर झाले, जुलै २०२५ मध्ये पुन्हा ट्रम्प सरकारने ४ अब्ज रद्द केले. अशा पैशावर साधी दोन मजली शाळा तरी वेळेत बांधून होईल का? माझं स्पष्ट मत असं आहे की ही रेल्वे वेग, अंतर किंवा तंत्रज्ञान यामुळे अडलेली नाही, तिला दरवर्षी हात पसरायला लावलं म्हणून ती अडलीय. म्हणून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने प्रदूषणाच्या परवान्यांच्या लिलावातून दरवर्षी १ अब्ज डॉलर, २०४५ पर्यंत, असं जे कबूल केलंय ती मला गेल्या सतरा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, फार गाजली नाही पण.

चुका नव्हत्या असं नाही हां. मार्ग थेट आय-५ च्या कडेने न नेता फ्रेझ्नो, बेकर्सफिल्ड अशा शहरांतून नेला म्हणून खूप टीका होते, मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो, फ्रेझ्नोत पाच लाखांवर माणसं राहतात आणि आय-५ च्या कडेला बदामाच्या बागा आहेत. पण सुरुवात मधूनच केली आणि दोन्ही टोकांचे डोंगर नंतरसाठी ठेवले हे महागात पडलं. तुमच्या बाजूला पाचेको खिंडीत एकवीसेक किलोमीटरचा बोगदा लागतो, त्याचे पैसे अजून नाहीत, आणि तो होत नाही तोवर मर्सेड-बेकर्सफिल्ड गाडीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. २०२५ मध्ये रेल्वेवाल्यांनीच गिलरॉय ते पामडेल असा पर्याय मांडलाय, म्हणजे वरती तुमच्याकडच्या कॅलट्रेन लोकलला आणि खाली लॉस एंजेलिसच्या मेट्रोलिंक लोकलला जोडून द्यायचं. तुम्ही तुमच्या आमदाराला पत्र लिहिणार असाल तर त्यासाठी लिहा.

आणि एक, तुमच्या सनीव्हेलहून सप्टेंबर २०२४ पासून विजेवरची कॅलट्रेन धावतेय ना, पूर्वीच्या डिझेल गाडीपेक्षा जास्त फेऱ्या आणि वेळही कमी, तिच्या विद्युतीकरणाचा काही पैसा याच योजनेतून आलाय. मताचा एवढा भाग तरी तुमच्या घराजवळ पोचला.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मी मेट्रोपार्कवरून रोज न्यूयॉर्कला जातो. एनजे ट्रान्झिटच्या लोकलचा उशीर पाचवीला पुजलेला आणि त्याच रुळांवरून वेगवान ट्रेन अ‍ॅसेला सुसाट जाते. २०२५ मध्ये नवीन अ‍ॅसेला गाड्या आल्या, मोठा गाजावाजा झाला. काय फरक पडला?

उत्तर: तुम्हाला? काहीच नाही. नव्या गाड्या ताशी २५७ पर्यंत जाऊ शकतात, जुन्या २४० पर्यंत जायच्या. पण तो वेग गाठता येतो मोजक्याच सरळ पट्ट्यांवर. बाकी सगळा मार्ग म्हाताऱ्या बांधकामांवर उभा आहे. हडसनखालचे दोन बोगदे १९१० चे, त्यात २०१२ च्या सँडी वादळात समुद्राचं पाणी शिरलं, ते मीठ आजही काँक्रीट आणि केबल खातंय. हॅकेनसॅक नदीवरचा पोर्टल पूलही १९१० चा, बोटी जाव्यात म्हणून फिरून उघडतो आणि कधीकधी नीट बंदच होत नाही, मग तुमची सकाळ गेली. त्याच्या शेजारी नवा उंच पूल उभारलाय, तो पूर्ण वापरात आला की हा त्रास तरी जाईल. बाल्टिमोरचा बोगदा तर १८७३ चा आहे, तिथे गाडी ताशी ५० ने सरपटते.

थोडं गणित करून बघा. ताशी २४० चे २५७ केले तर १०० किलोमीटरमागे दोन मिनिटंसुद्धा वाचत नाहीत. आणि ताशी ५० चा दहा किलोमीटरचा तुकडा १५० चा केला तर आठ मिनिटं वाचतात! म्हणजे पैसा घालायचा तो सगळ्यात हळू जागेवर. पण रिबिन कापायला नवी चकाचक गाडी बरी पडते, बोगद्याचे फोटो कोण छापतं. १९६९ मध्ये याच मार्गावर मेट्रोलायनर सुरू झाली तेव्हा न्यूयॉर्क-वॉशिंग्टनला अडीच ते तीन तास लागत होते, आज अ‍ॅसेलाला साधारण तेवढेच लागतात. पन्नास वर्षांहून जास्त झाली हो! आणि इतकं असूनही या दोन शहरांमध्ये विमानापेक्षा ट्रेनने जाणारे जास्त आहेत. ज्यांना "अमेरिकन माणूस ट्रेनमध्ये बसणार नाही" असं वाटतं त्यांनी एकदा सकाळी तुमच्या फलाटावर येऊन उभं राहावं.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सस): सगळं खरं, पण ह्यूस्टनला ट्रेनने पोचलो तरी उतरल्यावर गाडी लागणारच. मग घरूनच गाडी नेलेली काय वाईट?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ट्रेनचे समर्थक तो टाळतात, म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकेत दहापैकी नऊ घरांकडे निदान एक गाडी आहे, शहरं गाडी धरूनच वाढलीत, हे उद्या बदलणार नाही. पण तुम्ही डॅलसहून ह्यूस्टनला विमानाने जाता तेव्हा? विमानतळावर उतरून गाडी भाड्याने घेता किंवा उबर बोलावता, बरोबर? तेव्हा कोणी म्हणत नाही की गाडी लागतेच तर विमान कशाला. ट्रेनला स्टेशनपासून घरापर्यंत पोचवायची अट घालायची आणि विमानाला सोडून द्यायचं हा न्याय नाही.

गाडी आणि ट्रेन एकमेकींच्या वैरी असल्याच पाहिजेत असंही नाही. आत्ताच ज्यांच्या पत्राला उत्तर दिलं त्यांचं मेट्रोपार्क स्टेशनच बघा. ते १९७१ मध्ये बांधलं तेच मुळी उपनगरातल्या गाडीवाल्यांसाठी, गार्डन स्टेट पार्कवे जवळ, भरपूर पार्किंग, गाडी लावा आणि मेट्रोलायनर पकडा. आजूबाजूला तेव्हाही गाड्यांचं राज्य होतं आणि आजही आहे, आणि एडिसन-इझेलिन भागातली हजारो देशी माणसं, त्यात आपली मराठीही किती तरी, गाडीने तिथवर येऊन पुढे ट्रेनने जातात. गाड्यांच्या देशात ट्रेन कशी चालवायची त्याचा नमुना म्हणून जपानकडे बघायची गरजच नाही.

मात्र स्टेशन कुठे बांधताय यावर सगळा खेळ आहे, आणि इथे तुमच्या टेक्ससच्या योजनेबद्दल मला काळजी वाटते. डॅलस-ह्यूस्टन नव्वद मिनिटांत, जपानी शिंकान्सेनच्या गाड्या, बेत उत्तम. २०२२ मध्ये टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने ही ट्रेन बांधणाऱ्या खासगी कंपनीला जमीन संपादनाचा हक्कही दिला. पण ह्यूस्टनचं स्टेशन डाउनटाउनमध्ये नाही, नॉर्थवेस्ट मॉलच्या जागेवर ठरवलेलं, दोन फ्रीवेंच्या सांध्याशी. तिथवर चांगली रॅपिड बस किंवा मेट्रो नेली नाही तर वाचवलेला तास तिथेच जाणार. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राने यासाठी दिलेलं ६ कोटी ३९ लाख डॉलरचं अनुदानही काढून घेतलं, त्यामुळे सध्या सगळं थंड आहे. ब्राइटलाइन वेस्ट या दुसऱ्या योजनेचंही तसंच, लास वेगासहून आय-१५ हायवेच्या मधल्या दुभाजकातून ट्रेन येणार ती लॉस एंजेलिसपर्यंत नाहीच, साठेक किलोमीटर आधी रांचो कुकामोंगाला थांबणार, पुढे मेट्रोलिंक. जमीन स्वस्त आणि पटकन मिळते म्हणून असं करतात, मला कारण समजतं, पण शेवटच्या तुकड्यात काटकसर केली की अख्खी गाडी रिकामी धावण्याचा धोका असतो.

आणि हो, दोन मुलं, आजी, डबे, क्रिकेटची किट असं सगळं घेऊन निघालात तर गाडीच स्वस्त आणि सोयीची, यात वाद नाही. ट्रेन आहे ती एकट्यादुकट्यासाठी, कामाला जाणाऱ्यासाठी, विद्यार्थ्यासाठी, ज्याला चार तास आय-४५ वर ट्रकांच्या मध्ये बसायचं नाहीये त्याच्यासाठी. अमेरिकेत वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात. शिंकान्सेनमध्ये गाडी घसरून किंवा टक्कर होऊन १९६४ पासून एकही प्रवासी गेलेला नाही. हा हिशोब डॉलरमध्ये कोणी मांडत नाही, मांडायला हवा.

प्रश्न (सिएटल): ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या आल्याच आहेत. ट्रेन बांधून होईपर्यंत ती जुनी नाही का होणार?

उत्तर: नाही. ड्रायव्हर नसलेली गाडीसुद्धा रस्त्यावर तेवढीच जागा अडवते आणि ताशी ११०-१२० नेच जाते. उलट स्टेशनवरून घरी पोचवायला अशा टॅक्सी फार कामाच्या, म्हणजे वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच देतील.

प्रश्न (बोईसर): आमच्या इथे बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले. मग अमेरिका आपल्या मागे का?

उत्तर: मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरसाठी जपानने खर्चाचा सुमारे ८१ टक्के भाग कर्ज म्हणून दिला, ०.१ टक्के व्याज, पन्नास वर्षांची मुदत. पैसा आधी ठरला, काम नंतर. तरीही पालघरच्या जमिनींमुळे महाराष्ट्रातलं काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचे प्रश्न खरे होते. अमेरिकेत हायवे बांधताना शहरांमधल्या वस्त्याच्या वस्त्या, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या, पाडून टाकल्या, कोणी ऐकून घेतलं नाही. आज तसं करता येत नाही, आणि येऊच नये. त्यासाठी वेळ जास्त लागला तर लागू दे, फक्त कागदावरच दहा वर्षं जाणार नाहीत एवढं बघावं.

प्रश्न (पुणे, एक आजी): मुलगा डॅलसजवळ प्लेनोला आणि मुलगी ह्यूस्टनला. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जातो. इथे मी एकटी डेक्कन क्वीनने मुंबईला जाते, तिथे मुलीकडे जायचं तर मुलाच्या सुट्टीची वाट बघावी लागते. एवढा श्रीमंत देश, साधी ट्रेन का नाही हो?

उत्तर: काकू, तुमचं पत्र वाचून मला वाटलं की या सगळ्या चर्चेत ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना कोणी विचारतच नाही. म्हातारी माणसं, मुलं, डोळे अधू असलेले, इथून गेलेले आईवडील, सगळे घरात बसून कोणीतरी नेण्याची वाट बघतात. तुमच्याकडे वेळ आहे, हौस आहे, पाय धड आहेत, आणि तरी घराबाहेर पडता येत नाही, हे मला फार लागतं.

ट्रेन होत्या, भरपूर होत्या. मग हायवे आले, जेट विमानं आली, खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी परवडेनात आणि १९७१ मध्ये उरलेल्या गाड्या गोळा करून सरकारने अ‍ॅमट्रॅक काढली. त्याच वर्षी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो यांच्यात साउथवेस्टची स्वस्त विमानं सुरू झाली, आणि नव्वदच्या दशकात तिथे टीजीव्ही या फ्रेंच बुलेट ट्रेनसारखी रेल्वे आणायचं ठरलं तेव्हा याच साउथवेस्टने कडाडून विरोध केला, १९९४ मध्ये ती योजना गुंडाळली. ईशान्येकडचा पट्टा सोडला तर रूळ बहुतेक मालगाड्यांच्या कंपन्यांचे, त्यामुळे मालगाडी पुढे आणि प्रवासी मागे. अ‍ॅमट्रॅकने २०२४ च्या आर्थिक वर्षात, तेव्हाचा विक्रम म्हणजे, ३ कोटी २८ लाख प्रवासी नेले, आपली रेल्वे एवढी माणसं दोन दिवसांत नेते. ह्यूस्टनसारख्या तेवीस लाखांच्या शहरात आठवड्यातून तीनच दिवस गाडी येते, सनसेट लिमिटेड, तीही न्यू ऑर्लिन्स-लॉस एंजेलिस मार्गावरची. डॅलसहून ह्यूस्टनला थेट गाडी नाहीच.

बुलेट ट्रेन होईल तेव्हा होईल, तुमच्या पुढच्या फेरीपर्यंत तर नाही. पण दिवसाला चार साध्या गाड्या, ताशी १६०-१८० च्या, हे त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात जमण्यासारखं आहे आणि टेक्ससने आधी ते करावं असं मला मनापासून वाटतं. तोवर डॅलस डाउनटाउनहून ह्यूस्टनला थेट बस आहेत, चारेक तास लागतात. प्लेनोहून डार्टची लोकल ट्रेन थेट डॅलस डाउनटाउनला जाते, वयस्कर लोकांना तिकिटात सवलत आहे. मुलाला फक्त बसचं तिकीट काढून द्यायला सांगा आणि मुलीला समोर घ्यायला यायला सांगा, बाकी तुम्ही डेक्कन क्वीनने एकट्या जाता म्हणजे हे तुम्हाला अजिबात अवघड नाही.